घशाचं माप

मापाडी हे नाव काकूंनी ठेवलं आणि काकांना ते कधीच मान्य झालं नाही. मापाडी म्हणजे बाजारात पोती मोजून देणारा माणूस. काका पडले वजनमाप निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले, खऱ्यावर शिक्का मारला, खोटा जप्त केला. “आम्ही मापाड्याचं माप तपासतो, फरक आहे,” असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. “असेल,” काकू म्हणाल्या होत्या, “पण आत्ता तुम्ही दोरीवरचे चिमटे मोजत होतात.” त्याला एक्कावन्न वर्षं झाली. नाव चिकटलं ते चिकटलंच. लोक तोंडावर काका म्हणत, पाठ वळली की मापाडी म्हणत, आणि मापाड्यांचे कान अजून शाबूत होते.

तर या मापाड्यांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला. हात आठवड्याभरात कामाला लागला. जीभ त्याच्याही आधी लागली, कारण वॉर्डातला वजनकाटा कलत्या फरशीवर ठेवलाय हे कुणीतरी सांगणं भाग होतं. मागे राहिला तो घसा. पाणी किंवा चहा प्यायले की त्यांचा आवाज ओला व्हायचा, घशात बुडबुडा अडकल्यासारखा. पातळ पदार्थ अन्ननळी सोडून श्वासनळीकडे वळतोय, असाच वळत राहिला तर छातीत साचेल आणि मग प्रकरण हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी पाठवताना एक डबा हातात दिला. त्यात पांढरी पावडर होती. कपाला दोन चमचे, सपाट. म्हणजे चहा घट्ट होतो, सावकाश उतरतो आणि चुकीच्या वाटेला जात नाही.

चुकीच्या वाटेला जात नव्हता हे खरं. पण तो चहाही राहिला नव्हता. कपड्यांना घालायच्या खळीला चहाचा रंग द्यावा तसं ते दिसायचं. प्यायचं कसलं, तोंडात लोटायचं. मापाड्यांनी तेही सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते निराळंच. काकूही तोच चहा प्यायच्या.

“तू कशाला पितेस हे?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“एका भांड्यात होतो,” काकू म्हणाल्या. “दोन भांडी कोण घासणार?”

भांडं घासायला काकूंना कधी जड गेलं नव्हतं. एक्कावन्न वर्षं दोघांचा सकाळचा चहा एका भांड्यात झाला होता, भांडण झालेल्या दिवशीसुद्धा. ते भांडं वेगळं करायला त्या तयार नव्हत्या, एवढीच गोष्ट होती. पहिला घोट घेताना त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. मग त्या डोळा उघडून काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघायच्या. मापाडी रोज सकाळी तो मिटणारा डोळा बघायचे आणि त्यांना कसंसं व्हायचं. आपला घसा बिघडला त्याची शिक्षा हिला का, हे त्यांना पटत नव्हतं. काहीही करून पुन्हा साधा, पातळ चहा सुरू व्हायला हवा होता. त्यांना स्वतःसाठी हवा होताच, पण त्याहून जास्त त्या डोळ्यासाठी हवा होता.

पातळ चहाची परवानगी एका मुलीच्या हातात होती. अगदी शब्दशः हातातच. दवाखान्यात तळमजल्यावर गिळण्याची तपासणी होत असे. तिथे आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली एक मुलगी होती. मापाडी तिला ताई म्हणायचे आणि घरी तिचा उल्लेख गिळणताई असा करायचे. तिची पद्धत साधी. पेशंटच्या गळ्यावर, पुढच्या उंचवट्यापाशी दोन बोटं हलकेच टेकवायची, दुसऱ्या हातात घड्याळ धरायचं आणि सांगायचं, आवंढे गिळा. गिळलं की कंठमणी बोट ओलांडून वर जातो आणि खाली येतो. अर्ध्या मिनिटात तीन किंवा जास्त वेळा गेला तर ठीक. कमी भरले तर काळजी. मग थोडं पाणी पाजायचं, “आ” म्हणायला लावायचं आणि आवाज ओला येतोय का ऐकायचं.

पहिल्या वेळी मापाड्यांचे दोन भरले. आवाजही ओला आला. पण गप्प बसतील तर ते मापाडी कसले.

“ताई, तुमचं बोट रोज त्याच जागी असतं?”

“ठेवायचा प्रयत्न करते, काका.”

“प्रयत्न. आणि तुमच्या जागी दुसऱ्या कुणी बोट ठेवलं तर हाच आकडा येईल?”

“बहुतेक येईल.”

“बहुतेक,” मापाडी म्हणाले. “बहुतेक किलो असं वजन मी कधी पास केलं नाही.”

ताई रागावली नाही. बोटं पुसत म्हणाली, “खरंय तुमचं. माणूस दमलेला असतो, कधी तोंड कोरडं असतं, कधी माझंच लक्ष घड्याळाकडे जातं. म्हणून तर आम्ही एकमेकींचे पेशंट पुन्हा मोजतो. पहिला आकडा झाकून ठेवायचा आणि दुसरीने स्वतःचा लिहायचा. मग दोन्ही समोर ठेवून बघायचं, किती जुळतंय ते.”

हे ऐकून मापाडी एकदम नरमले. आकडा झाकून फेरतपासणी हे त्यांच्या खात्यातही सगळे अधिकारी करत नसत. ही मुलगी कामाची आहे असं त्यांचं मत झालं आणि एकदा झालेलं मत बदलायची त्यांना सवय नव्हती.

“आणि अगदी खात्री करायची असेल,” ताई पुढे म्हणाली, “तर नाकातून बारीक नळी घालतात. टोकाला कॅमेरा असतो. घोट कुठे जातो ते पडद्यावर दिसतं. करायचं का?”

मापाड्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नाकात साधा कापसाचा बोळा घालायचा म्हटलं तरी ते खुर्चीचे हात घट्ट पकडायचे. “नको, नको,” ते घाईने म्हणाले. “तुमच्या बोटांवर माझा पूर्ण विश्वास आहे.”

आता ज्या माणसाने चौतीस वर्षं लबाड्या पकडल्या, त्याला लबाडी येत नाही असं कोण म्हणेल? पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, तळाला मेण लावलेलं लिटरचं माप, वजनाच्या पोटात कोरलेली पोकळी, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. फक्त आजवर ते टेबलाच्या अलीकडे असत. पुढच्या तपासणीला तीन आठवडे होते. काकू भाजीला गेल्या की मापाडी आरशासमोर उभे राहायचे आणि कंठमणी न्याहाळायचे. आवंढा गिळायला जायचं तर दोनानंतर घसा संपावर जायचा. पण एक दिवस त्यांना शोध लागला. तोंड मिटून, आवाज न काढता, खूप वरच्या पट्टीतला सूर लावायचा नुसता आव आणला की कंठमणी सुर्रकन वर चढतो. सूर सोडला की खाली. गिळायचं काहीच नाही. मापाड्यांनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून मोजलं. अर्ध्या मिनिटात पाच.

पाच दिवस त्यांनी रियाज केला. एकदा काकू पिशवी विसरल्या म्हणून मध्येच परत आल्या. मापाडी आरशासमोर मान ताठ करून, भुवया वर चढवून, गळा चाचपत उभे होते.

“दाढी नीट झाली का बघतोय,” ते म्हणाले.

“झालीय,” काकू म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या.

तपासणीच्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. ताईने बोटं ठेवली, घड्याळ धरलं, मापाड्यांनी मुका सूर लावला. पाच. ताईचा चेहरा खुलला. पाणी प्यायल्यावर मापाड्यांनी रुमाल तोंडाशी नेऊन आधी घसा चोरून साफ केला आणि मग “आ” म्हटलं. आवाज स्वच्छ. “काका, फारच सुधारणा आहे,” ती म्हणाली, आणि तिला झालेला आनंद इतका खरा होता की मापाड्यांना क्षणभर खाली बघावं लागलं. परवानगी मिळाली. साधा चहा, अर्धा कप, ताठ बसून, लहान घोटांनी. तीन आठवड्यांनी तिच्या वरिष्ठ, तेवीस वर्षं हेच काम करणाऱ्या मोठ्या मॅडम, पुन्हा मोजतील, आकडा न बघता.

घरी येऊन त्यांनी ही बातमी दिली तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, मापाड्यांच्या चेहऱ्याकडे आणि मग गळ्याकडे पाहिलं, आणि “बरं” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. चार महिन्यांनी आलेला साधा चहा मापाड्यांनी डोळे मिटून प्यायला. थोडा जड लागला.

“दाट वाटतोय का गं जरा?”

“दूध आटलं,” काकू म्हणाल्या. “बोलत बसले फोनवर.”

मापाड्यांना ते पटलं. काटा दोन दाणे इकडचा तिकडे झाला तरी ज्यांना लांबून दिसायचं, त्यांना आपल्या कपात काय आहे ते दिसलं नाही, कारण बघायचंच नव्हतं. काकूंचा डावा डोळा पहिल्या घोटाला अर्धवट मिटला, तेही त्यांनी पाहिलं. वाफ गेली असेल डोळ्यात, असं ठरवून ते मोकळे झाले.

तीन आठवडे असे मजेत गेले आणि मोठ्या मॅडमचा दिवस उगवला.

मोठ्या मॅडमच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. त्यांनी बोटं ठेवली ती ठेवलीच, पण स्टेथोस्कोपही गळ्याच्या बाजूला टेकवला. खरा आवंढा गिळला की आत टक्क असा आवाज होतो, मुक्या सुराला आवाज नसतो, हे मापाड्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. दोन खरे आवंढे कसेबसे उतरले, मग घसा संपावर गेला आणि त्यांनी जिवाच्या आकांताने सूर लावले. मॅडम फक्त ऐकत राहिल्या, बोटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एक आकडा लिहिला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “बाहेर बसा जरा.”

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मांडीवर चहाचा थर्मास होता. दवाखान्यातला चहा मापाड्यांना चालत नसे म्हणून त्या घरचा आणत. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बोलणं ऐकू येत होतं. मापाड्यांचे कान शाबूत होते हे वर सांगितलंच आहे.

“तुझे पाच आणि माझे दोन,” मोठ्या मॅडमचा आवाज आला. “तिनाचा फरक. गेल्या महिन्यातही एका पेशंटमध्ये एकाचा होता.”

“मॅडम, मी नीट मोजले होते. पाच वेळा बोट ओलांडून गेला.”

“तुला तसं वाटलं असेल. मी रागावत नाही. पण हात अजून बसलेला नाही तुझा. तू पातळ दिलंस या आजोबांना, तीन आठवडे. काही झालं असतं म्हणजे? काही दिवस एकटीने तपासू नकोस. मी शेजारी असेन तेव्हाच मोजायचं.”

त्यावर आतून कागद सारखे केल्याचा आवाज आला, पुन्हा पुन्हा. तो ऐकून मापाड्यांना बाकावर बसवेना.

नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांनी खिळे-मोळे विकणाऱ्या एका बाईचा काटा खोटा ठरवून जप्त केला होता. बाई म्हणत होती, माझा काटा खरा आहे. मापाड्यांनी ऐकलं नाही. काटा कचेरीत आणून सपाट दगडावर ठेवला तर तो तंतोतंत खरा निघाला. खोटं होतं ते दुकानातलं टेबल, एक पाय आखूड होता. मापाडी दुसऱ्या दिवशी तो काटा स्वतः उचलून बाईच्या दुकानात घेऊन गेले आणि चारचौघांत चुकलो म्हणाले. खोटा काटा पास होणं वाईटच, पण खरा काटा खोटा ठरणं त्याहून वाईट, असं ते तेव्हापासून मानत. आणि आता आत एक खरा काटा खोटा ठरत होता, आणि टेबलाचा आखूड पाय ते स्वतः होते.

पण आत जाऊन सांगायचं म्हणजे पातळ चहा गेला. दोन सपाट चमचे परत आले. डावा डोळाही परत आला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“अगं,” ते म्हणाले, “मी जरा वाईट काम केलंय.”

“हो,” काकू म्हणाल्या.

“हो म्हणजे? तुला काय माहीत?”

“तुमचा चेहरा माहीत आहे. जा आत. मी इथेच आहे.”

मापाडी उठले, सदरा खाली ओढून सरळ केला आणि दार लोटून आत गेले. ताई कागदांची चळत नीट करत होती, नीटच असलेली. डोळे लाल होते.

“मॅडम, काटा खरा आहे,” मापाडी म्हणाले. “मालात खोट आहे.”

दोघींना काहीच कळलं नाही. तेव्हा मापाडी खुर्चीवर बसले, हनुवटी वर केली आणि मोठ्या मॅडमना म्हणाले, “ते कानाला लावायचं यंत्र बाजूला ठेवा आणि नुसती बोटं टेकवा. ताई, तुम्ही घड्याळ धरा.”

मॅडमनी बोटं टेकवली. मापाड्यांनी सूर लावला. ताईने अर्धं मिनिट झाल्याचं सांगितलं.

“किती?” मापाड्यांनी विचारलं.

मॅडमनी बोटं काढून स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. “पाच,” त्या म्हणाल्या.

“एकही खरा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीही मी हेच केलं. तुमची तेवीस वर्षांची बोटं फसली तर हिची आठ महिन्यांची का फसू नयेत? हिचा हात चांगला आहे, मॅडम. तिने जे वर गेलं तेच मोजलं. काय वर न्यायचं ते मी ठरवलं.”

ताईने घड्याळ टेबलावर ठेवलं. “काका, तुम्ही मला फसवलंत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाली.

“हो,” मापाडी म्हणाले. “मला लाज वाटते.”

त्यांच्या आयुष्यात हे वाक्य फारसं आलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळत आलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्यातली तपासणारी जागी झाली असावी, कारण ती पुढे वाकून म्हणाली, “पुन्हा करून दाखवा. सावकाश.” तिने बोटं ठेवली, मग स्टेथोस्कोप लावला, मग पुन्हा नुसती बोटं. चौथ्या वेळी म्हणाली, “मॅडम, हा नुसता वर जातो. खऱ्या आवंढ्याला वर जाऊन किंचित पुढे येतो. बघा, फरक लागतो बोटाला.” मॅडमनी बोट ठेवून पाहिलं आणि मान हलवली. मापाड्यांना दोघींच्या बोटांमध्ये आपण आता नमुना म्हणून बसलो आहोत हे जाणवलं. तक्रार करण्याची सोय नव्हती.

“म्हणजे खरा आकडा दोन,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “आणि ते पाणी प्यायल्यानंतरचं?”

“रुमाल,” मापाडी म्हणाले.

“धन्य आहे,” मॅडम म्हणाल्या. “काका, आता बोटांवर भागायचं नाही. पातळ आजपासून बंद, आणि पुढचं बघायचं असेल तर नळीच घालावी लागेल. तुम्ही नको म्हणाला होतात.”

मापाड्यांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. खात्यात एक लाकडी पेटी असे. आत मखमलीच्या खोबणीत प्रमाण वजनं ठेवलेली. रोज कुणी ती काढत नसे, पण दोन काट्यांचं जुळलं नाही की पेटी उघडायचीच. कुणी दुकानदार पेटी नको म्हणाला की मापाडी म्हणायचे, ज्याला पेटीची भीती वाटते त्याचा माल मी आधी बघतो.

“पेटी काढा,” ते म्हणाले.

“कसली पेटी?”

“नळी. नळी काढा म्हणतोय.”

तासाभराने घशाच्या डॉक्टरांच्या खोलीत, ताई आणि मॅडमसमोर, नळी नाकात गेली तेव्हा मापाड्यांनी काकूंचा हात धरला होता. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे नळीपेक्षा त्यांच्याच बोटांना जास्त लागलं. डॉक्टरांनी पडदा मापाड्यांकडे वळवला. पडद्यावर गुलाबी, ओलसर, आतली जागा दिसत होती. ती आपली आहे यावर मापाड्यांचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी पाण्यात हिरवा रंग टाकला आणि एक घोट घ्यायला सांगितलं. घोट घेतला, पडदा क्षणभर पांढरा झाला आणि चित्र परत आलं तेव्हा श्वासनळीच्या तोंडातून आत एक हिरवी रेघ उतरलेली होती. मापाडी तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खोकला आला नाही, ठसका आला नाही, काहीसुद्धा वाटलं नाही.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले. “चुकीच्या वाटेला जातंय आणि तुम्हाला पत्ता नाही. ठसका लागत नाही म्हणूनच हे धोक्याचं.”

आरशासमोरचे ते पाच दिवस मापाड्यांना आठवले आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःची भीती वाटली.

डॉक्टर मात्र कागद चाळत होते. “एक कळत नाही. तीन आठवडे हे असं पातळ पीत होतात ना? रोज? ताप नाही, खोकला नाही, छाती तपासली तर आरशासारखी. असं सहसा होत नाही.”

खोलीत सगळे मापाड्यांकडे बघू लागले, जणू त्यांनी आणखी काही लपवलंय. त्यांनी मान हलवली. खरोखरच त्यांना काही माहीत नव्हतं.

“पातळ नव्हता,” काकू म्हणाल्या.

मापाड्यांनी नळीसकट मान वळवायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी ती धरली.

“दोनाऐवजी एक चमचा घालत होते,” काकूंनी मांडीवरच्या थर्मासकडे बघत सांगितलं. “यांना आरशासमोर पाहिलं, तेव्हाच म्हटलं हे काहीतरी शिजवतायत. मग पाच आकडा घेऊन घरी आले. ज्या माणसाला रात्री पावडर घातलेल्या पाण्याच्या दोन घोटांना पाच मिनिटं लागतात, त्याचे अर्ध्या मिनिटात पाच कुठून येणार? दोन घातले असते तर ओळखलं असतं. अजिबात न घालायचा धीर झाला नाही. म्हणून एक घातला.”

“तू,” मापाडी नाकातून म्हणाले, “मला दूध आटलं म्हणालीस.”

“तुम्ही मला दाढी म्हणालात.”

ताईने तोंडावर हात धरला. मोठ्या मॅडम भिंतीवरचा तक्ता वाचू लागल्या. डॉक्टरांनी हात पुढे केला. “तो थर्मास द्या इकडे. त्यात तोच आहे ना, एक चमच्याचा?”

काकूंच्या चहात हिरवा रंग पडला. मापाड्यांच्या उभ्या आयुष्यात असा चहा कुणी त्यांच्यासमोर ठेवला नव्हता. त्यांनी घोट घेतला. पडदा पांढरा झाला, परत आला. सगळे पुढे वाकले. श्वासनळीचं तोंड स्वच्छ होतं, हिरवं सगळं मागच्या वाटेने गेलेलं. पुन्हा घोट, पुन्हा तेच. चार घोट झाले, चारही सरळ गेले.

“दोन चमच्यांची गरजच नाही,” डॉक्टर म्हणाले. “एक पुरे. काकू, हे माप कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. अंदाजे.”

अंदाजे. हा शब्द मापाड्यांनी चौतीस वर्षं कुणाला उच्चारू दिला नव्हता. आज त्यांच्या छातीत काही साचलं नव्हतं ते याच शब्दामुळे. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. नळीमुळे पाणी आलं असं त्यांनी सांगितलं असतं, पण नळी तेवढ्यात निघाली होती. जाताना ताईने कागदावर नीट लिहून दिलं. कपाला एक चमचा, सपाट. पुढची तपासणी दोन महिन्यांनी, ताईकडेच. “आणि काका,” ती म्हणाली, “रुमाल घरी ठेवून या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मापाडी स्वयंपाकघरात काकूंच्या शेजारी उभे राहिले. एरवी ते तिथे फिरकत नसत.

“तू तुझा साधा कर,” ते म्हणाले. “कशाला सोसतेस? दुसरं भांडं मी घासतो.”

“तुम्ही घासलेलं मला परत घासावं लागतं,” काकू म्हणाल्या. “सरका.”

त्यांनी पावडरचा डबा उघडला आणि चमचा भरला. मापाड्यांची नजर सवयीने चमच्याच्या काठावर गेली. सपाट नव्हता. वर बारीकशी शीग होती, बोटाने लोटली तर पडेल एवढी. म्हणजे गेले तीन आठवडेही अशीच असणार. एक चमचा अंदाजे, आणि वर ही शीग, काही कमी पडू नये म्हणून. मापाड्यांनी बोट पुढे केलं. मग मागे घेतलं.

काकूंनी तो चमचा भांड्यात उलटला आणि स्वतःच्या कपासाठी दुसरा भरला. त्यावर शीग नव्हती.

दोघं खिडकीशी बसले. काकूंनी पहिला घोट घेतला, डावा डोळा मिटला, उघडला आणि त्या बाहेर बघू लागल्या. चौतीस वर्षांत मापाड्यांनी वाढीव माप डोळ्यांदेखत कधी जाऊ दिलं नव्हतं. आज ते काही बोलले नाहीत. ताठ बसून, हनुवटी खाली घेऊन, लहान घोटांनी त्यांनी आपला कप तळापर्यंत संपवला.